भविष्यातल्या पात्राला आडनाव असावे का?

गोदाकाठचा वाचक:
नाशिकरोडला आम्ही महाविद्यालयीन मुलांसाठी विज्ञानकथा-लेखनाचा छोटा वर्ग चालवतो. या वेळी शंभर वर्षांनंतरचे नाशिक हा विषय दिला होता. एका मुलीच्या कथेत काळाराम मंदिराच्या दरवाजाशी एक यंत्र उभे आहे. ते नावगाव विचारत नाही, चेहरा पाहते आणि दार उघडते. तिच्या पात्रांना आडनावेच नाहीत. त्यावरून वर्गात दोन तट पडले आहेत : ही जातमुक्तीची कल्पना मानावी, की अवघड प्रश्नाला दिलेली बगल? कथेचे ध्वनिमुद्रण लवकरच यूट्यूबवर जायचे आहे.

जुना नाशिककर:
नाव झाकण्यामागचे कारण पाहावे. नाशिकच्या २०२१च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून उतरवून घेतली, कारण आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, अशी त्यांची इच्छा होती. इथल्याच विहितगावचे बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या संग्रहातल्या शीर्षककथेचा नायक मात्र परक्या गावी निवारा टिकावा म्हणून जात लपवतो आणि ती उघड होताच मार खातो. आडनाव गाळण्याची चैन सर्वांना सारखी परवडत नाही.

संगणकवाला:
मला आडनावापेक्षा यंत्र खटकते. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संगणक-संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या, तेव्हा उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. ज्यांचे चेहरे शिकवले, तेच यंत्राला नीट ओळखता येतात. त्या मुलीला एवढेच विचारा, की या यंत्राला चेहरे कोणी पुरवले?

पंचवटीकर:
शिवाय दरवाजा साधा नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली इथेच सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे काही वर्षे चालला, आणि त्या काळात दलितांसाठी दार बंदच राहिले. कथेत त्याचा साधा उल्लेखही नसेल, तर नुसते यंत्र बसवून काय साधले?

गोदाकाठचा वाचक:
सर्वांचे आभार. मुलीने काल कथा बदलून आणली. आता रांगेत तिच्या नायिकेची आजी आहे, उन्हातान्हात रापलेली. दार उघडत नाही. यंत्र प्रथमच बोलते आणि आजीला आडनाव विचारते.