एस्पेरांतोत 'गुऱ्हाळ' कसं घडवायचं?

विचारणा : करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. पुतण्या एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा शिकतोय आणि घरच्या धंद्याची ओळख त्या भाषेत लिहितोय. शब्दकोशात गुऱ्हाळ, गुळव्या, चुलवाण यांतलं काहीच सापडेना, म्हणून त्यानं गुऱ्हाळासाठी 'सुकेरकानेयो' असा शब्द स्वतःच केलाय. चालेल का?

उत्तर : शब्द नियमात चोख बसतो, पण वाचणाऱ्याला गुऱ्हाळाऐवजी उसाचा फड दिसेल.

'एयो' हा जागा दाखवणारा प्रत्यय. 'लेर्नी' म्हणजे शिकणं, 'लेर्नेयो' म्हणजे शाळा. 'कुइरी' म्हणजे शिजवणं, 'कुइरेयो' म्हणजे स्वयंपाकघर. मात्र मुळाशी क्रिया नसून वस्तू असली, की हाच प्रत्यय ती वस्तू जिथं असते ती जागा दाखवतो. 'हेर्बो' म्हणजे गवत, तर 'हेर्बेयो' म्हणजे कुरण. 'सुकेरकानो' म्हणजे ऊस. त्याला 'एयो' लावला तर ऊस जिथं उभा आहे तीच जागा मनात येणार. गुऱ्हाळात तो गाळला जातो, रस काहिलीत आटवला जातो. ती क्रिया शब्दात यायलाच हवी.

'फारी' म्हणजे करणं, बनवणं. बिअर बनवण्याच्या जागेला 'बिएरफारेयो' म्हणतात. त्या धर्तीवर 'सुकेरफारेयो' होईल, पण तो झाला साखर कारखाना, आणि आपल्याकडं कारखाना आणि गुऱ्हाळ यांत केवढा फरक आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. माझं मत 'सुकेरकुइरेयो'ला. साखर शिजवून काढण्याची जागा. चुलवाण पेटलंय, काहिलीत रस उकळतोय, हे त्यात येतं. शिवाय गुळव्याचा शब्द त्यातूनच निघतो. व्यवसाय करणाऱ्याचा प्रत्यय 'इस्तो', स्वयंपाकी म्हणजे 'कुइरिस्तो', म्हणून गुळव्या 'सुकेरकुइरिस्तो'. पाक उतरवायची वेळ ओळखणं हेच त्याचं कसब, तेव्हा शिजवण्याचा धातू इथं अगदी जागेवर आहे.

विचारणा : पण गूळ म्हणजे साखर नव्हे ना? सरळ 'गुलो' का करू नये?

उत्तर : 'गुलो' आधीच गेलाय. उत्तरेकडच्या थंड मुलखात वूल्व्हरिन नावाचा मांसाहारी प्राणी असतो, त्याला एस्पेरांतोत 'गुलो' म्हणतात. अशी टक्कर फार वेळा होते, कारण या भाषेत नाम 'ओ'नंच संपतं आणि मुळं छोटी असतात.

नवीन मूळ घ्यायची वाट बंद नाही. या भाषेचे मूळ नियम सोळा. त्यांतला पंधरावा सांगतो, की बऱ्याच भाषांनी एकाच उगमातून घेतलेले शब्द फक्त लेखन बदलून जसेच्या तसे घ्यावेत. गूळ त्यात बसत नाही. म्हणून पहिल्यांदा 'ब्रुना सुकेरो', म्हणजे तपकिरी साखर, असं लिहून ती उसाच्या रसापासून होते हे एका वाक्यात सांगा. मग पुढं जोडशब्द बिनधास्त वापरा.

खरं तर उसन्या शब्दापेक्षा घडवलेला शब्द बरा, हीच या भाषेची मूळ ओढ आहे. तिचा कर्ता झामेनहॉफ हा डोळ्यांचा डॉक्टर. शाळकरी वयात शब्दांच्या ढिगाला तो घाबरला होता. मग रस्त्यावरच्या दोन रशियन पाट्यांकडं त्याचं लक्ष गेलं. एक दरवानाच्या खोलीची, दुसरी मिठाईवाल्याची, आणि दोन्हींच्या शेवटी 'स्काया'. तिथून त्याला प्रत्ययांची वाट दिसली, असं त्यानंच पत्रात लिहिलंय. 1887 साली वॉर्सात पहिलं पुस्तक निघालं, तेव्हा त्यात जेमतेम 900 च्या आसपास मुळं होती. भाषेचं नावसुद्धा घडवलेलंच : 'एस्पेर' आशा, 'आंत' करत असलेला, 'ओ' नाम. आशा धरून असलेला.

आपल्याकडं 'दवाखाना', 'छापखाना' यांतला 'खाना' अजून ओळखू येतो, पण 'गुऱ्हाळ'मधला शेवट उचलून दुसरा शब्द करून बघा, कुणाला कळणार नाही. एस्पेरांतोत प्रत्येक प्रत्यय कायम कामावर हजर असतो. मला या भाषेचं सगळ्यात मोठं कौतुक याचंच वाटतं. चुलवाण घ्या. भट्टी 'फोर्नो', मोठेपणाचा प्रत्यय 'एग', झालं 'फोर्नेगो'. कढई 'काल्द्रोनो', तर काहील 'काल्द्रोनेगो'. तुमच्या पुतण्यानं हे आजच घडवले तरी ब्राझीलमधला एस्पेरांतो येणारा माणूस कोश न उघडता समजेल.

विचारणा : लई भारी! आता शेवटचं. मुक्कामी येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यानं जेवणाचंही लिहिलंय. तांबडा रस्सा 'पिकांता', म्हणजे झणझणीत, आणि पांढरा 'मालपिकांता'.

उत्तर : पांढऱ्याला तेवढं लावू देऊ नका! 'माल' हा उपसर्ग शब्दाला पार उलट टोकाला नेतो. 'बेला' सुंदर, 'मालबेला' कुरूप. नुसता नकार हवा तर 'ने' : 'नेबेला' म्हणजे सुंदर नाही, एवढंच. मराठीत एकट्या 'अ'वर दोन्ही कामं पडतात, 'अशुभ' उलट टोकाचं आणि 'अशाकाहारी' नुसता नकार, म्हणून आपला हात इथं हमखास चुकतो. 'मालपिकांता' वाचून पाहुणा सपक, मिळमिळीत पाणी समजेल, आणि नारळाच्या दुधातल्या त्या रश्श्यावर तो अन्याय आहे. तो झणझणीत नसतो, एवढंच. 'नेपिकांता' लिहा.