समन्सची नोंदवही आली, पण ती भरणार कोण?

तापीकाठ
३१ वर्षं धुळे जिल्ह्यातल्या कोर्टांत काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, सहायक अधीक्षक होऊन निवृत्त झालो. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. चर्चा झाली ती शिक्षेची आणि पोलिसांच्या अधिकारांची. टेबलामागे बसणाऱ्याच्या कामात काय बदललं, यावर कुणी बोललं नाही. या नव्या संहितेच्या कलम ६४ प्रमाणे पोलीस ठाण्याने किंवा कोर्टाच्या रजिस्ट्रारने पत्ता, ईमेल, फोन नंबर यांची नोंदवही ठेवायची. कलम ७० म्हणतं, इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावलेलं समन्स रीतसर बजावलं असं धरायचं आणि त्याची साक्षांकित प्रत पुरावा म्हणून जपायची.

माझा आक्षेप त्या 'धरायचं'ला आहे. साक्रीकडची एक म्हातारी साक्षीदार होती. कागदावरचा नंबर तिला वाचून दाखवला तर म्हणाली, "तो नंबर मन्हा भाचाना शे, तो सुरतले शे." पूर्वी पोलीस शिपाई दारात जायचा. माणूस नाही भेटला तर समन्सच्या पाठीवर शेरा लिहून आणायचा : 'घरास कुलूप, शेजारी चौकशी करता ऊसतोडीस गेल्याचे समजले.' त्या एका ओळीवर साहेब पुढची तारीख द्यायचे. फोनवर दोन निळ्या खुणा दिसल्या की ही ओळ कोण लिहिणार?

नोंदवहीत याशिवाय आणखी काय असावं हे राज्याने नियम करून ठरवायचं, असं कलम ६४ म्हणतं. फोन नंबरासमोर 'नंबर कोणाचा, कोणी विचारून खात्री केली' असा रकाना हवाच. तो भरलेला नसेल तर फोनवरच्या समन्सवरून वॉरंट निघू नये.

शहाद्याचा वकील
आप्पा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. शिपायाचे शेरे ठाण्यात बसून कसे लिहिले जातात, हे तुम्हीही पाहिलं असेल. माझ्या एका खटल्यात एकाच साक्षीदारासाठी आठ तारखा पडल्या. रोजनाम्यात (दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) दर वेळी तेच : 'समन्स बजावून परत आले नाही.' आरोपी तोवर आत. फोनवर निदान कधी पाठवलं, कधी पोचलं याची वेळ तरी राहते.

कलम ४९७ पण बघा. मुद्देमाल कोर्टापुढे आला की १४ दिवसांत त्याचं वर्णन तयार करायचं, फोटो काढायचे आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम द्यायचा. माझ्या अशिलाची मोटारसायकल चार पावसाळे आवारात उभी होती, चाकाच्या आऱ्यांतून बाभूळ वर आली होती. हा बदल व्हायलाच हवा होता.

कनिष्ठ लिपिक, चालू नोकरीत
बदल हवा होता, मान्य. पण करणारा मी एकटा आहे. बोर्डावर (दिवसाच्या यादीत) ६० केसेस. रोजनामा कागदावर लिहायचा, तोच परत सिस्टीममध्ये भरायचा. निकाल शक्यतो ७ दिवसांत पोर्टलवर टाकायचा, हे कलम ३९२ मध्ये आलंय, तेही याच टेबलावर. मुद्देमालाचे फोटो मी माझ्या स्वतःच्या मोबाइलवर काढतो. रक्ताचा कोयता, दारूचे कॅन आणि माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो एकाच गॅलरीत आहेत. उद्या फोन बिघडला तर जबाबदार कोण? कायद्याने काम दिलं, कॅमेरा दिला नाही.

तापीकाठ
वकीलसाहेब, जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पोलिसांना सांगितलं की कलम ३५ ची (पोलिसांपुढे हजर राहण्याची) नोटीस व्हॉट्सॲपवर देऊ नका. ज्यामुळे माणसाचं स्वातंत्र्य जाऊ शकतं, तो कागद त्याच्या हातात पडला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

शहाद्याचा वकील
ते पोलिसांच्या नोटिशीबद्दल आहे. कोर्टाच्या समन्सला कायद्यानेच वेगळी मुभा दिली आहे. दोन्ही एका मापाने मोजू नका. तुमच्या रकान्याला मात्र माझा विरोध नाही.

रावेरची केळी
मी वकील नाही, शेतकरी आहे. वडिलांच्या वाटणीच्या दाव्याचा हुकूमनामा हवा होता. नक्कलेचा अर्ज करून तीन खेपा घातल्या. लाल बस्ता (दप्तराचं गाठोडं) उघडला तर कडेचा चार बोटं कागद वाळवीने खाल्लेला, गट नंबराचे शेवटचे आकडे गेलेले. उरलं त्याची नक्कल मिळाली. हे आधीच स्कॅन झालं असतं तर भावाशी दुसरा दावा लढावा लागला नसता. कागदाचा एवढा लोभ कशाला?

तापीकाठ
भाऊ, तुमचा दावा दिवाणी, वरची कलमं फौजदारी. जुनी दप्तरं स्कॅन करायचं काम ई-कोर्ट या कोर्टांच्या संगणकीकरणाच्या केंद्रीय योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात येतं. २०२३ मध्ये त्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर झाले. ते लवकर व्हावं, यात माझं दुमत नाही. फक्त स्कॅन करणाऱ्याला पान उलटायला सांगा. ताबा कधी दिला, पैसे कधी भरले, बेलिफाला काय दिसलं, असे शेरे कितीदा पाठीवर असतात. मी सुरुवातीला बोललो तो शेराही पाठीवरच होता.

रावेरची केळी
आत्ता कपाटातून नक्कल काढून पाहिली. मागची सगळी पानं कोरी आहेत. मूळ कागदाच्या पाठीवर काही होतं का, हे आता कुणाला विचारू?