खो-खोत फक्त मिनिटं आणि गडीच मोजायचे का?

बसकी_आई: लेक सातवीत, शाळेच्या १४ खालच्या टीममध्ये आहे. पळण्यात बेताचीच, पण चौकोनात बसली की नजर चारीकडे, आणि खो मिळायच्या आधी उठून फाउल केलाय असं कधी आठवत नाही. परवा मॅच हरले. घरी येऊन मुलींनी हिशोब मांडला, पेपरात येतो ना तसाच, कोण किती मिनिटं पळाली आणि कुणी किती गडी मारले. हिच्यापुढे शून्य. म्हणे आई मी काहीच केलं नाही. अगं, खांबाजवळ उंच पोरीने सूर मारून जे दोन गडी टिपले तो खो दोन्ही वेळा हिनेच दिलेला! सरांनी हे सगळ्यांसमोर बोलून दाखवायला नको का?

जुना_खेळाडू: ताई, राग नका मानू, पण हे लाड झाले. निवड चाचणीत कोण विचारतं खो किती छान दिला? मिनिटं बघतात. आणि बाराव्या वर्षी "ही बसणारी, ती पळणारी" असे शिक्के कशाला, तिला रोज पळवा. खो-खोत नऊच्या नऊ जणांना दोन्ही बाजू खेळायच्या असतात. तो वझीर, म्हणजे पाठलागात कुठल्याही दिशेला पळायची मुभा असलेला खास गडी, अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगमध्ये, शाळेच्या मैदानावर नाही.

मातीतला: दादा पळवा हे बरोबर, पण सगळे एका साच्यातले कसे होतील. आमच्यात एकाला कमी ऐकू यायचं. खो हा शब्द त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही, पाठीवर हात पडला की सुटायचा. बाकीचे आम्ही नुसतं ओरडून मोकळे होणारे, हात लागला न लागला, पंच फाउल द्यायचे. त्याच्यामुळे सगळ्या टीमला नीट हात लावून खो द्यायची सवय लागली, नाहीतर सर घसा फोडून थकले असते.

नववा_नंबर: किस्सा भारी. पण दुसरी बाजू पण ऐका. माझ्या पोराला दोन वर्षं "तू वेगळा आहेस, टीमचा कणा आहेस" सांगून नवव्या नंबरवर ठेवलंय. पळायला तिघांची तुकडी उतरते, आमची पहिली तुकडी चांगली, दुसरी बरी, तेवढ्यात वेळ संपतो आणि हा तिसऱ्या तुकडीत बाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो. कौतुक खूप होतं हो, पळायला कधी मिळणार? हा वेगळेपणा शेवटी सरांच्याच सोयीचा असतो.

जुना_खेळाडू: हेच तर म्हणतोय मी!

मातीतला: मग सरांना सांगा ना क्रम बदला, निदान सरावात तरी. त्यासाठी चांगला खो देणाऱ्या पोरीला शून्य कशाला? २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या पुरुष आणि महिला टीमचे कॅप्टन प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही आपल्या महाराष्ट्राचेच, आता प्रत्येक आईबापाला घरात कॅप्टन हवाय. बसायला कोण राहणार मग, पालक?

बसकी_आई: 😄 नवव्या नंबरचं पटलं, आमच्याकडे पण तसंच चालू असेल, सोमवारी विचारते सरांना. पळायचा सराव पण सुरू करतोय, कुरकुर आहे जरा. बाकी कालपासून वहीत मिनिटं आणि गडी याशेजारी तिसरा रकाना आखलाय, दिलेले खो.

जुना_खेळाडू: उशिरा दिलेले पण लिहा म्हणजे झालं.