हरिपूरच्या हळदीच्या पेवांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सांगलीत हळद कशी साठवत, यावर माझं विद्यापीठातलं संशोधन चाललं आहे. हरिपूरची पेवं आपण सगळेच ऐकून आहोत. वर अरुंद तोंड, जमिनीखाली ऐसपैस पोट. तोंड बंद केलं की आतला प्राणवायू घटत जातो, कीड तग धरत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. म्हणून पेव उघडलं तरी लगेच आत उतरत नसत. २००५ च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेवांच्या आठवणी मात्र विखुरलेल्याच आहेत. याची मला फार खंत वाटते.

पेवात उतरून काम केलेलं कुणी तुमच्या घरात, गल्लीत आहे का? हळद भरताना, उपसताना काय खबरदारी घेत? अडत दुकानांच्या जुन्या चोपड्या, पावत्या, फोटो असतील तर नुसते पाहायला मिळाले तरी चालेल. कागद घरातून हलवायला नकोत. आणि एखादं शाबूत पेव मालकांच्या परवानगीनं आतून मोजता आलं, भिंतीच्या मातीचा थोडा नमुना घेता आला, तर फारच मोलाचं होईल. ज्येष्ठांना भेटायला मीच येईन, त्यांच्या सोयीच्या वेळी. कृपया कळवा.