निर्वासित, शरणार्थी, विस्थापित, स्थलांतरित: फलकावर नेमके काय लिहावे?

वाचनालय_कोपरी
ठाणे पूर्वेला कोपरीत २० जूनला, म्हणजे जागतिक निर्वासित दिनी, एक छोटे प्रदर्शन भरवायचे आहे. विषय असा: बाहेरून आलेल्या ज्या माणसांनी ठाणे आणि नवी मुंबई समृद्ध केली, त्यांचे कौतुक. बारा फलक, प्रत्येकावर साठेक शब्द, आणि शेवटी खाण्याची चार टेबले. फलकांवर फाळणीनंतर आलेले सिंधी, बेने इस्रायली (म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू), तिबेटी आणि बाजार समितीतले माथाडी आहेत. मसुद्यात वर मोठ्या अक्षरांत 'शरणार्थी बांधवांचा गौरव' असे आहे. त्यावर दोघांतिघांनी हरकत घेतली. सगळ्यांना चालेल असा एक शब्द आहे का? छपाईला देण्याआधी ठरवायचे आहे.

धातुपाठ
'शरणार्थी' मराठीत बातम्यांमुळे रुळला, पण आपल्या कानाला तो खटकतो आणि त्याला कारण आहे. मराठीत 'शरण येणे' म्हणजे हार पत्करणे. किल्लेदार शरण येतो, दरोडेखोर पोलिसांना शरण येतो. संस्कृतात शरण म्हणजे आसरा, रक्षण. हिंदीत तो अर्थ ठळक राहिला, आपल्याकडे 'शरणागत'सारख्या शब्दांपुरता उरला. त्यामुळे 'शरणार्थी बांधव' वाचताना मराठी माणसाला नकळत हात टेकलेला माणूस दिसतो. गौरवाच्या फलकावर हे नको.

'निर्वासित' हे 'वस्' धातूच्या प्रयोजक रूपावरून आलेले विशेषण आहे. वसणे नव्हे, वसवणे; आणि 'निर्' लागून वस्तीतून बाहेर घालवलेला. म्हणजे या शब्दात घालवणारा कोणीतरी गृहीत आहे. 'विस्थापित' त्या मानाने कोरडा शब्द आहे: जागेवरून हलवलेला. धरण, रस्ता, पूर, दंगल, काहीही चालते. 'स्थलांतरित'मध्ये बळजबरी असेलच असे नाही. ऐरोलीच्या खाडीत येणारे रोहित पक्षीही स्थलांतरितच.

'परागंदा' मात्र टाळा. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला एवढाच, पण मराठीत कर्ज बुडवून किंवा गुन्हा करून पळालेला 'परागंदा होतो'. 'आश्रित'ही नको. ज्यांनी घरे, दुकाने, शाळा उभ्या केल्या त्यांना आश्रित म्हणणे खोटे ठरेल.

सनदशीर
कायद्याची बाजू पाहिली तर एकच शब्द सगळ्यांना लावता येणार नाही, हे लगेच कळते. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित म्हणजे आपल्या देशाबाहेर असलेली आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सकारण भीती असल्याने परत जाऊ न शकणारी व्यक्ती. भारताने या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही.

सिंधी कुटुंबांच्या कागदपत्रांत मात्र तुम्हाला वेगळाच शब्द सापडेल. फाळणीनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई १९५४ च्या कायद्याने मिळाली आणि त्या कायद्याचे नावच 'विस्थापित व्यक्ती' असे सुरू होते. तिकडच्या घरा-जमिनीसाठी जो अर्ज केला त्याला घरोघरी 'क्लेम' म्हणतात, आणि इकडच्या जागेचा मालकीहक्क ज्या कागदाने मिळाला ती 'सनद'. उल्हासनगरात आजही घर विकायचे म्हटले की पहिला प्रश्न 'सनद आहे का?' हा असतो. फलकावर हे दोन शब्द जरूर घ्या. त्या एका ओळीत पुनर्वसन कसे झाले ते कळते.

माथाड्यांना निर्वासित म्हणणे तर सरळ चूक आहे. साताऱ्याहून तुर्भ्याला येणारा माणूस आपल्याच राज्यात आहे. बिहारहून येणाराही आपल्याच देशात आहे. देशभर फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. कंत्राटदाराने परराज्यातून आणलेल्या मजुरांसाठी १९७९ चा जो कायदा झाला त्यात शब्द आहे 'आंतरराज्य स्थलांतरित कामगार'. 'परप्रांतीय' हा शब्द इंग्रजी अमलातल्या प्रांतांचा आहे. प्रांत जाऊन राज्ये आली, 'पर' तेवढा उरला. कौतुकाच्या मजकुरात तो बसत नाही.

झूलेलाल_चौक
सिंधी फलकाबद्दल एक विनंती. 'निर्वासित कुटुंबे' असे लिहू नका, 'फाळणीत निर्वासित होऊन आलेली कुटुंबे' असे लिहा. फरक छोटा वाटेल, पण पहिल्या रूपात शब्द माणसाला कायमचा चिकटतो, दुसऱ्यात तो घटनेपाशी राहतो. आज कोपरीत जन्मलेली तिसरी-चौथी पिढी निर्वासित कशी? ती ठाणेकर आहे. उत्तरेकडे हाच सल ओळखून त्या काळी शरणार्थीऐवजी 'पुरुषार्थी' म्हणायची पद्धत पडली होती.

उल्हासनगरचा उल्लेख करणार असाल तर तपशील असा: दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, तिच्या बराकींत सिंधमधून आलेली माणसे ठेवली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव दिले गेले. छावणी गेली तरी 'कॅम्प नंबर एक' ते 'पाच' हे पत्ते तसेच आहेत. तिथे 'कॅम्प' म्हणण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, रिक्षावालाही तेच विचारतो. म्हणून तो शब्द बदलून 'शिबिर' करू नका.

धातुपाठ
'निर्वासित होऊन आलेली' हे मान्य. पण शब्द पूर्ण काढून टाकायची सूचना आली तर ती मानू नका. 'स्थलांतरित सिंधी समाज' असे गुळगुळीत लिहिले की ही माणसे चांगल्या नोकरीसाठी कराचीहून ठाण्याला आली, असे वाटेल. घर, दुकान, शेत, दफ्तर सगळे टाकून यावे लागले, हे एका शब्दात सांगायची ताकद 'निर्वासित'मध्येच आहे.

लेखनाबद्दल: 'निर्वासित' स्त्री-पुरुष दोघांना तसाच चालतो, अनेकवचनही तेच, सामान्यरूप 'निर्वासितां-'. 'निर्वासिता' असे स्त्रीलिंगी रूप कोणी केले असेल तर खोडा. 'शरणार्थी' कुठे अवतरणात आलाच तर 'शरणार्थ्यांना', आणि समासात पहिले पद ऱ्हस्वान्त: मंत्रिमंडळ, पक्षिमित्र, तसेच शरणार्थिशिबिर. छापखान्यात हे हमखास दीर्घ होऊन येते.

पकवान_नव्हे_पक्वान्न
खाण्याच्या टेबलावर 'दाल पक्वान्न' असा फलक लागायच्या आत लिहितो. मराठीत पक्वान्न म्हणजे सणाचे गोडधोड: श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी. सिंधी 'पकवान' म्हणजे मैद्याची कडक, खारी, पुरीपेक्षा मोठी तळलेली चकती. मूळ एकच असेल, पण ताटात फार अंतर आहे. 'पक्वान्न' वाचून लोक गोड समजून येतील. 'दाल'चेही 'डाळ' करू नका. पदार्थाचे नाव आहे, जसे आहे तसे राहू द्या.

करणार असाल तर: दोन वाट्या मैदा, दोन चमचे बारीक रवा, तीन चमचे कडकडीत तेलाचे मोहन, अर्धा चमचा जिरे, थोडा ओवा, भरडलेली मिरी, मीठ. पाणी बेताने घालून पीठ घट्ट मळायचे आणि अर्धा तास झाकून ठेवायचे. पातळ लाटून काट्याने सगळीकडे टोचायचे. टोचणे चुकवले की चकती पुरीसारखी टम्म फुगते आणि मग कडक होत नाही. आच मध्यमाहून कमी. तेल फार तापले तर वरून बदामी दिसते पण आत कच्चे राहते आणि तासाभरात मऊ पडते. एकेक चकतीला चार-पाच मिनिटे द्यावीच लागतात. आणि जून आहे, पावसाळी हवा आहे: पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की संपले.

दालीसाठी एक वाटी हरभरा डाळ दीड तास भिजवून, अडीच वाट्या पाणी, हळद, मीठ आणि कुकरच्या दोन-तीन शिट्या. दाणा बोटांत दाबला तर चिरडावा, पण भांड्यात त्याचा आकार दिसावा. वरून जिरे, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी, लाल तिखट, आमचूर, गरम मसाला. वाढताना चिंचेची चटणी, हिरवी चटणी, बारीक कच्चा कांदा. दाल पकवानावर आधीच ओतून ठेवू नका; शेजारी वाटीत द्या.

झूलेलाल_चौक
नेमके सांगितलेत. त्याच टेबलावर 'कोकी' ठेवणार असाल तर फलकावर 'सिंधी थालीपीठ' लिहायचा मोह टाळा. थालीपीठ भाजणीचे आणि थापलेले. कोकी कणकेची, मोहन जास्त, कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेली आणि लाटलेली. जाड लाटून अर्धवट शेकायची, पुन्हा गोळा करून लाटायची, मग मंद आचेवर तूप सोडून भाजायची. या दुहेरी शेकण्यानेच ती खुसखुशीत होते आणि प्रवासात टिकते.

एक जोडी मात्र खरोखर जुळते आणि ती फलकावर यावी असे मनापासून वाटते. सिंधींचे दैवत झूलेलाल, त्याच्यापुढे शेवटी जी प्रार्थना करतात तिला 'पल्लव' म्हणतात. पल्लव म्हणजे पदर. तो पसरून मागणे मागायचे. मराठीत आपण 'पदर पसरला' म्हणतो ते तेच. चेटीचंड, म्हणजे सिंधी नववर्षही गुढीपाडव्याच्या अवतीभवतीच येते: चेट म्हणजे चैत्र, चंड म्हणजे चंद्र.

टेंभीनाका
बेने इस्रायली फलकासाठी. यांना निर्वासितांच्या रांगेत बसवू नका. गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची कथा ही त्यांची परंपरा आहे, म्हणून 'परंपरेनुसार' हा शब्द घालूनच लिहा. कोकणात ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजाऱ्यांनी 'शनिवार तेली' म्हटले. हे दुसऱ्यांनी दिलेले नाव आहे. अवतरणात आणि इतिहास म्हणून द्या, आजच्या समाजाला लावू नका. ठाण्याचे सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, १८७९ चे, नाव 'शाअर हाशमायिम', म्हणजे स्वर्गाचे दार. घरची भाषा मराठी, आडनावे गावावरून 'कर' लागलेली. १९४८ नंतर पुष्कळ जण इस्रायलला गेले आणि तिथेही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. स्थलांतराची बाजू तिथे उलटते: तिथे मराठी ही बाहेरून आलेल्यांची भाषा.

'मलिदा' हा पदार्थ टेबलावर ठेवायचा विचार आहे असे दिसते. दोन गोष्टी. मराठीत 'मलिदा लाटणे' म्हणजे गैरमार्गाने लाभ उकळणे, तेव्हा नुसते 'मलिदा वाटप' असे लिहिले तर काय वाचले जाईल याचा विचार करा. आणि दुसरे, जास्त महत्त्वाचे: बेने इस्रायलींचा मलिदा हा एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने प्रार्थना करून वाटायचा नैवेद्य आहे. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा आणि सोबत फळे. समाजातल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय तो विक्रीच्या टेबलावर ठेवू नये. माहितीफलक पुरे.

सेक्टर_सतरा
तिबेटी फलकाबद्दल थोडक्यात: १९५९ नंतर आलेल्यांना 'निर्वासित' बरोबर, 'विजनवासातील सरकार' हा वृत्तपत्री शब्दही रुळलेला आहे.

नवी मुंबईच्या फलकावर मात्र जरा थांबा. १९७० साली सिडको, म्हणजे शहर उभारणारे सरकारी महामंडळ, आले आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. वाशीला, नेरुळला आपण सगळेच बाहेरून आलेले. इथले आगरी-कोळी कुठून आले नाहीत. शहर त्यांच्या दारात आले. त्यांना कागदोपत्री 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात, पूरग्रस्त-दुष्काळग्रस्तासारखे. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले, दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते होते, आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी 'साडेबारा टक्के' ही योजना त्यातून उभी राहिली. येणाऱ्यांचे कौतुक करताना ज्यांनी जागा दिली त्यांचा फलक पहिला हवा. शब्द 'यजमान' वापरू नका, जमीन त्यांनी पाहुणचार म्हणून दिलेली नाही. 'मूळ रहिवासी' किंवा सरळ 'आगरी-कोळी गावे' लिहा.

माथाड्यांसाठी 'स्थलांतरित कामगार'ही मला फिका वाटतो. 'माथाडी' हेच लिहा. डोक्यावर, म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा; अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९ च्या कायद्यात हाच शब्द गेला आणि मजुरीची नोंद, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना त्याला जोडले गेले. हा ज्याचा त्याने मिळवलेला शब्द आहे. सोबत 'टोळी' आणि 'मुकादम' हे शब्दही समजावून द्या, कारण बाजार समितीबाहेर टोळी म्हटले की लोकांना चोरांची आठवते. इथे टोळी म्हणजे एकत्र काम करून मजुरी वाटून घेणारा नोंदणीकृत गट.

सनदशीर
आणखी एक काळजी. अलीकडच्या वर्षांत सिंधमधून येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी कुटुंबेही ठाणे जिल्ह्यात आहेत. त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज चालू असतात. त्यांचा फोटो, आडनाव, इमारतीचे नाव फलकावर घालू नका. हो म्हणाले तरी मजकूर आधी त्यांना वाचून दाखवा.

वाचनालय_कोपरी
सगळ्यांचे आभार. बदल असे केले आहेत. वरचा मथळा: 'आले, वसले, ठाणे घडवले'. 'शरणार्थी' काढला. पहिला फलक आगरी-कोळी गावांचा. सिंधी फलकाची पहिली ओळ: 'फाळणीत निर्वासित होऊन आलेल्या सिंधी कुटुंबांनी कोपरीत घरे आणि दुकाने उभी केली.' त्याखाली क्लेम, सनद, पल्लव यांचे अर्थ. माथाडी फलकावर 'माथाडी'. मलिद्याचे टेबल रद्द, माहितीफलक राहील.

धातुपाठ
मथळ्यात 'वसले' उत्तम बसले. 'निर्वासित' ज्या धातूचा, त्याच धातूचे क्रियापद आहे. फक्त 'ठाणे घडवले' असे लिहिल्यावर नवी मुंबईच्या फलकांवरचे लोक वगळल्यासारखे वाटतील. 'आले, वसले, शहर घडवले' करा.

पकवान_नव्हे_पक्वान्न
आणि टेबलावरच्या पाटीवर 'दाल पकवान'खाली कंसात 'खारे-तिखट' लिहा. मुले रांगेत पहिली असतात.