अनुभव धागा: रेकॉर्डची दुकानं गेली, त्यांची कामं आता घरी कशी करायची?

धागाकर्ती: सुरपेटी

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरचं म्युझिक वर्ल्ड त्याआधीच, २०१३ मध्ये. तालुक्याच्या गावांतली दुकानं तर कुठे बातमीही न होता मोबाइलची दुकानं झाली. यावर हळहळून बरंच झालंय, इथे ती नको.

दुकानात विक्रीखेरीज बरीच कामं व्हायची. तबकडी तपासून देणं, नेमकी आवृत्ती शोधणं, यादीवरून कॅसेट भरणं, तुटलेली फीत जोडणं. आता ही कामं आपल्याच गळ्यात आहेत, आणि माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्ड पडल्या आहेत त्या वेगळ्याच. ज्यांना यातलं काम येतं त्यांनी कृती लिहा, मापांसकट. 'आमच्या वेळी'ला बंदी नाही, पण एका ओळीत आटपा.

गल्ला_गिरगाव

आधी दुकानं का बसली ते. 'इंटरनेट आलं' हे अर्धंच उत्तर आहे.

एलपीच्या (मोठ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांच्या) काळात एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीची डीलरशिप हीच दुकानाची पत होती. माल महाग, विक्रेते मोजके, त्यामुळे गिऱ्हाईक पायरी चढून यायचं. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने कॅसेटचे दर पाडले आणि कॅसेट पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात, एसटी स्टँडवर विकायला लागली. दुकानाची मक्तेदारी तिथेच गेली.

मग सीडी. एका नगात कॅसेटपेक्षा कितीतरी जास्त पैसे अडकतात. ज्या मालामुळे दुकानाचं नाव होतं (ख्याल, नाट्यसंगीत, जुनी भावगीतं) तोच सर्वांत सावकाश हलतो. कंपनी परत घेत नसेल तर तो फळीवर मेलेला पैसा. चित्रपटाची नवी गाणी ही विक्री भरून काढायची, आणि नेमकी तीच आधी गेली.

गेली कशी, तर एमपीथ्री डिस्कवर. १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५ एमबी आणि ७०० एमबीच्या डिस्कवर १४० गाणी. पुढे 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी आली. २ जीबीच्या मेमरी कार्डावर चारशे गाणी, आणि भरून देणाऱ्याला ना माल ठेवायचा ना जागा; एक टेबल आणि एक कॉम्प्युटर पुरे. त्याच्याशी मुख्य बाजारात भाडं भरून, भिंतभर फळ्या लावून बसलेला दुकानदार काय स्पर्धा करणार? स्ट्रीमिंग आलं तेव्हा बहुतेकांचं शटर आधीच अर्ध्यावर होतं.

पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्यांनी स्वतःच शास्त्रीय संगीताच्या कॅसेट काढल्या. पण ते प्रकाशनाचं काम झालं, त्याला वेगळा पिंड लागतो.

टेपमास्तर

कॅसेट भरण्याबद्दल लिहितो, कारण हे काम लोकांना वाटतं तितकं सोपं नव्हतं. अजूनही कुणी जुन्या डेकवर भरत असेल तर उपयोगी पडेल.

सगळा हिशोब वेळेचा. सी-६० म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट, तिची एक बाजू ३० मिनिटं. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या) दहा इंची तबकडीची एक बाजू जास्तीत जास्त सव्वातीन मिनिटं धरा. नऊ गाणी आणि मध्ये चार-चार सेकंद जागा म्हणजे २९ मिनिटं ४७ सेकंद. कागदावर बसतं, पण सुरुवातीची पाच-सात सेकंद पारदर्शक पट्टीत जातात, तिच्यावर काही भरलं जात नाही. म्हणून आठ गाणी खात्रीची. नववं घ्यायचं तर प्रत्येक गाणं घड्याळ लावून मोजायचं. गाणं मध्येच तुटलेली कॅसेट गिऱ्हाईक परत आणणारच.

लांब गाणी ७८ वर 'भाग १' आणि 'भाग २' अशी दोन बाजूंवर असत. कॅसेटवर ती जोडून द्यायची पद्धत अशी: पहिल्या बाजूचा शेवटचा स्वर विरला की पॉज, तबकडी उलटायची, दुसऱ्या बाजूचा खरखराटाचा पट्टा संपून पहिली मात्रा येण्याच्या किंचित आधी पॉज सोडायचा. पॉजऐवजी स्टॉप दाबलं तर सांध्यावर 'टप्' असा आवाज कायमचा बसतो.

लेव्हल: साध्या फेरिक फितीवर काटा ठोक्याला शून्याच्या थोडा वर गेला तरी चालतो. कमी ठेवली तर सुंसुं वाढते, जास्त ठेवली तर तबल्याचा बायाँ फाटतो. डॉल्बी (सुंसुं कमी करणारी डेकमधली सोय) बंद. डेकवर बटण आहे म्हणून हौसेने चालू करणारे असतात, पण ऐकणाऱ्याच्या मोनो टेपला डॉल्बी नसली की आवाज कर्कश येतो.

सी-९० पर्यंत ठीक. सी-१२० घेऊ नका. सी-६० ची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड, सी-९० ची १२ आणि सी-१२० ची ९. इतकी पातळ फीत पिंच रोलरला (फीत ओढणाऱ्या रबरी चाकाला) गुंडाळली जाते आणि ताणली की सूर हलतो.

भरणं खऱ्या वेळातच होतं. एक सी-६० म्हणजे एक तास, शिवाय तबकड्या शोधणं आणि पुसणं. 'तीन दिवसांनी या' असं दुकानदार सांगायचा तो भाव खाण्यासाठी नव्हे.

नीलाक्षी_ठाणे

कॅसेट दुरुस्तीचं कुणी सांगेल का? आईच्या भजनांच्या कॅसेट आहेत. दोन तुटल्यात, एकीचा आवाज एकदम दबका येतो.

टेपमास्तर

@नीलाक्षी, दबक्या आवाजाचं कारण आधी बघा. कॅसेटच्या उघड्या तोंडात मधोमध तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा चिमुकला तुकडा असतो, तो फीत हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरतो. जुना गोंद सुटून तो पडतो आणि वरचे स्वर गायब होतात. दुसऱ्या टाकाऊ कॅसेटची पट्टी काढून बसवा. नमदा शाबूत असेल तर हेड आणि पिंच रोलर पुसा. हेडला कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबरी रोलरला साबणाचं पाणी. तरीही दबकाच असेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव फेऱ्याच्या आत, आवाज सर्वांत उजळ होईपर्यंत फिरवायचा. आधी मूळ जागेवर खूण करून ठेवा.

तुटलेली फीत: दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापा, समोरासमोर भिडवा, वर स्प्लायसिंग टेप लावा. साधी चिकटपट्टी नको. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि हेडला लागतो. पट्टी नमद्याच्या बाजूने लावायची, हेडला घासणाऱ्या बाजूने नाही. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर उघडणं सोपं. डकवलेली असेल तर ती फोडून आतली दोन्ही चाकं स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटमध्ये बसवा. आतले दोन पातळ चकचकीत कागद विसरू नका, त्यांच्याशिवाय फीत घासते आणि अडकते.

आणि हो, वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट थेट वाजवायची नाही. आधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे.

लाखेचा_माणूस

धुण्याबद्दल. यात सर्वांत जास्त रेकॉर्ड लोकांच्या उत्साहाने मरतात.

७८ च्या तबकड्या लाखेच्या, एलपी आणि ४५ फेऱ्यांच्या छोट्या ईपी पीव्हीसीच्या. नियम एकच पाठ करा: लाखेला अल्कोहोल लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पॉलिशवाल्याला विचारा. इंटरनेटवरचे 'व्हिनाइल क्लीनर' बहुधा अल्कोहोलवाले असतात. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय ७८ ला लावू नका.

७८ साठी लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब, आणि मऊ केसांचा ब्रश. ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबलवर बरणीचं झाकण दाबून धरा. लेबल भिजलं तर रंग उतरतो आणि तबकडीची ओळखच जाते. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपा, भिजत ठेवू नका. लाखेत मिसळलेली भुकटी पाणी पिते. तडा गेलेली तबकडी अजिबात ओली करायची नाही. उन्हात वाळवली तर संध्याकाळपर्यंत वाटी होईल.

एलपीवर कोकण-मुंबईच्या हवेत पांढरे ठिपके येतात, ती बुरशी. तिला पाऊण भाग डिस्टिल्ड पाणी, पाव भाग आयसोप्रोपिल आणि साबणाचा थेंब चालतो. पण आधीचं कव्हर बदला, नाहीतर बुरशी परत येणारच. जुन्या जाड पीव्हीसी पिशव्या फेकून द्या, उकाड्यात त्या तबकडीवर धुरकट डाग पाडतात. पॉलिथिनच्या घ्या.

चोरबाजार_शुक्रवार

मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटला किंवा कुठेही जुना माल घेताना काय बघावं:

टॉर्च न्या आणि तबकडी तिरकी धरून बघा. खाचा काळ्या चमकत असतील तर ठीक, राखाडी दिसल्या तर झिजलेली आहे. मग मधलं भोक बघा. त्याभोवती पांढरट रेघांचं जाळं असेल तर ती शेकडो वेळा खुंटीवर चाचपडत ठेवली गेलीय, विक्रेता 'एकदम मिंट' म्हणाला तरी. लेबलवरचा नंबर आणि कव्हरवरचा नंबर जुळवा, कारण चांगल्या कव्हरात भलतीच एलपी घालणं हा जुना धंदा आहे. एचएमव्हीच्या एलपीवर ईसीएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ.

ऐकून घ्यायची असेल तर बाजूचं शेवटचं गाणं लावायला सांगा. आतल्या वळणांत खाच सर्वांत दाटीची असते, झीज तिथेच आधी कळते: 'स' फुसफुसतो, गायिकेचा तार षड्ज फाटतो.

भारतातल्या एलपी जास्त का झिजल्या? घरोघरी सिरॅमिक कार्ट्रिजचे (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग) प्लेअर होते, ते पाच-सहा ग्रॅम वजन टाकत. आजची चुंबकी कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आसपास चालतात. त्यात सुई वर्षानुवर्षं तीच. म्हणून ज्या घरात कुणी फारसं वाजवत नव्हतं त्या घरचा माल शोधावा. असे लोक सहसा भक्तिगीतांच्या नाही, पाश्चात्त्य वाद्यसंगीताच्या रेकॉर्ड ठेवून असतात, हा माझा आगाऊपणा समजा.

कानसेन

@चोरबाजार, ७८ ची सुई वेगळी हे राहिलं. एलपीच्या सुईचं टोक १५-१८ मायक्रॉनचं, ७८ च्या सुईचं ६५-७५. एलपीच्या सुईने ७८ वाजवली की ती रुंद खाचेच्या तळातली धूळ खरवडत जाते, मग लोक म्हणतात रेकॉर्ड खराब आहे.

डिजिटल करताना:

एलपीला आरआयएए वक्राचा (मुद्रणात दाबलेला खर्ज आणि वाढवलेले वरचे स्वर मूळ पातळीला आणणारा) फोनो प्रीअँप लागतोच, तो नसला तर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. हा वक्र १९५४ नंतर सर्वत्र रुळला. ७८ ला तो लागू नाही. त्या सपाट, म्हणजे वक्र न लावता उतरवून नंतर सॉफ्टवेअरमध्ये वक्र द्यावा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आवाजाचं शिखर उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. या दराने मिनिटाला ३५ एमबीच्या आसपास जातात, म्हणजे २२ मिनिटांची बाजू साधारण ७६० एमबी. फ्लॅक (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) केलं की बरीच आटते.

७८ मोनो असली तरी स्टिरिओतच उतरवा. खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजत नाहीत. नंतर डावी-उजवी वेगवेगळी ऐकून जी स्वच्छ असेल ती ठेवायची. खरखर काढायचं फिल्टर शेवटी, आणि तेही प्रतीवर. मूळ फाइलला हात लावू नका. तंबोऱ्याचा नाद आणि पृष्ठभागाची सुंसुं यांतला फरक सॉफ्टवेअरला कळत नाही, ते दोन्ही पुसतं.

वेग: १९२५ पूर्वीच्या तबकड्या नेमक्या ७८ ला असतीलच असं नाही. गाणं पाऊण सूर वर-खाली वाटलं तर गायकाची दुसरी ध्वनिमुद्रणं ऐकून पट्टी ताडून बघा.

सुरपेटी

यात एक भर. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांच्या शेवटी गायक-गायिका स्वतःचं नाव सांगतात. १९०२ मध्ये कोलकात्याला मुद्रण झालं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या माणसांना ओळख पटावी म्हणून. फाइल 'स्वच्छ' करताना ते वाक्य कापून टाकलेली उदाहरणं दिसतात. कापू नका.

आणि फाइलच्या नावात कंपनी, लेबलवरचा नंबर, लेबलाजवळच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स (साच्याचा) नंबर आणि बाजू हे चारही हवेत. स्ट्रीमिंगवर एकाच गाण्याच्या तीन आवृत्त्या एकाच नावाखाली मिळतात, गीतकार गायब आणि वर्ष पुनर्मुद्रणाचं. दुकानदार नंबर विचारायचा तो यासाठीच.

रामशास्त्री_२

उतरवलेलं सगळं चॅनलवर टाकायच्या आधी: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं. म्हणजे १९६५ साली निघालेल्या रेकॉर्डची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पारंपरिक बंदिशीला अडचण कमी, भावगीताला जास्त. रेकॉर्ड विकत घेतली म्हणजे हक्क विकत घेतले असं होत नाही.

नीलाक्षी_ठाणे

टेपमास्तर, नमदाच पडला होता. बसवला, आवाज आला. एलपी ठेवायला कपाट करायचंय, सुताराला काय सांगू?

लाखेचा_माणूस

उभ्याच ठेवायच्या, आडव्या थप्प्या नकोत. फूटभर रांगेचं वजन १५ ते २० किलो होतं, म्हणून १८ मिमी प्लाय आणि दर १५-१६ इंचांवर उभी फळी सांगा. खोली १३ इंच, कप्प्याची उंची साडेतेरा. रांग अशी भरा की तबकड्या कलणार नाहीत आणि ओढताना कव्हरही फाटणार नाही. बाहेरची भिंत असेल तर कपाट तिला टेकवू नका, दोन इंच जागा सोडा. पावसाळ्यात ओल तिकडूनच येते.