ट्रेलर लेव्हल करायला चाकाखाली काय घालावं : लाकडी फळ्या की प्लॅस्टिकचे ठोकळे?

नमस्कार. आमचा गाडीमागे ओढायचा, आत राहायचा ट्रेलर दोन ॲक्सलचा (दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं) आहे, सामान भरल्यावर साधारण २००० किलो. गेली दोन वर्षं मी एकात एक अडकणारे प्लॅस्टिकचे ठोकळे वापरत होते. मागच्या मुक्कामात त्यातले दोन फुटले. आता पुन्हा तेच घ्यावेत की लाकडाकडे वळावं, हे माझं ठरत नाहीये. ज्यांनी दोन्ही वापरून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

काय झालं ते आधी लिहिते. जागा जाड खडीची होती आणि डावी बाजू खाली होती, म्हणून डावीकडच्या दोन्ही चाकांखाली तीन-तीन थर लावले. ट्रेलर वर चढला, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आला, चाकं गडगडू नयेत म्हणून पाचरी लावून आम्ही झोपलो. मध्यरात्रीनंतर खालून कडकन आवाज आला आणि पलंग एका बाजूला झुकल्याचं स्पष्ट जाणवलं. आई दचकून उठून बसली. सकाळी ट्रेलर पुढे घेऊन ठोकळा उलटा करून पाहिला. खालची बाजू पोकळ, नुसत्या उभ्या-आडव्या बरगड्या. त्यातल्या दोनच बरगड्या दोन मोठ्या खड्यांवर टेकलेल्या होत्या, मधे पूर्ण पोकळी. चीर बरोबर त्या दोन खड्यांच्या मधून तिरपी गेली होती.

लेव्हलचा एवढा आग्रह कशासाठी, तर दोन कारणं. एक म्हणजे आई. डोकं जरा जरी खालच्या बाजूला गेलं तरी तिला रात्रभर गरगरतं. दुसरं कारण फ्रिज. आमचा गॅसवर चालणारा आहे. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाण्याचं द्रावण नळ्यांमधून आपल्याच वजनाने खाली उतरतं. ट्रेलर कलता उभा राहिला की द्रावण एका जागी साचतं, उष्णतेने तिथे कीट धरतं आणि नळी हळूहळू बुजत जाते. ते नुकसान साचत जातं, भरून येत नाही. आमच्या फ्रिजच्या पुस्तिकेत एका दिशेला ३ अंश आणि दुसऱ्या दिशेला ६ अंश एवढीच मुभा दिली आहे.

मोजमाप करून ठेवलंय. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर २ मीटर धरलं तर १ अंश कलासाठी साधारण ३५ मिमी उंची लागते. ३८ मिमी जाडीची फळी म्हणजे जवळजवळ १ अंश. ३ फळ्यांत आमचं बहुतेक ठिकाणी भागेल.

अडचण निवडीची आहे. लाकूड घेतलं तर कुठलं? साधं पाइन लांबीच्या दिशेने उभं चिरतं असं ऐकलंय. प्लायवूड पाण्याने फुगेल का? एका ओळखीच्यांनी काँक्रीटचे पोकळ ब्लॉक सुचवले, ते मला मनातून पटत नाही पण कारण सांगता आलं नाही. आणि ओल्या गवतावर फळी सरकू नये म्हणून काय करता?

प्रतिसाद

ताई, काँक्रीटच्या ब्लॉकबद्दल तुम्हाला वाटतंय ते अगदी बरोबर आहे. तो भिंतीत वरून सगळीकडे सारखा पसरलेला दाब घेण्यासाठी बनवलेला असतो. चाकाचा भार एका कडेवर आला, खाली एखादा खडा आला, की तो एका क्षणात फुटतो. लाकूड आधी करकरतं, चेपतं, मग चिरतं. ती सूचना मिळणं फार मोलाचं आहे, विशेषतः कुणी खाली वाकून काम करत असेल तर. ब्लॉक अजिबात नको.

मी दहा वर्षं लाकूडच वापरतोय. पाइन चालतं, पण फळी टायरपेक्षा रुंद हवी आणि गाठी नसलेली निवडून घ्यावी. टायर कडेच्या बाहेर लोंबला तर फळी तर चिरतेच, शिवाय टायरच्या आतल्या पट्ट्यांवर नको तिथे ताण येतो. टायरचा जमिनीला टेकणारा सगळा भाग फळीवर बसला पाहिजे, यात तडजोड करू नका.

चिरण्याची धास्ती असेल तर १८ मिमीचं वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि दोन तुकडे एकमेकांना चिकटवा. ३६ मिमी होतात, म्हणजे तुमचा एक अंश. प्लायच्या थरांमध्ये लाकडाचे तंतू आडवे-उभे असतात, म्हणून ते एका रेषेत फाटत नाही. पाणी शिरतं ते कापलेल्या कडांमधून, तिथे दोन-तीन हात सीलर मारा. वरच्या पृष्ठभागाला मात्र ऑइल पेंट लावू नका, ओला झाला की चाक घसरतं. स्क्रू मारायचे असतील तर खालच्या बाजूने आणि जाडीपेक्षा आखूड. वर टोक आलं तर टायर गेलाच.

लांबीचं गणित बरेच जण चुकतात. दोन ॲक्सल असले की मागच्या चाकासाठीची चढण दोन चाकांच्या मधल्या जागेत बसवावी लागते. जमिनीलगत तिथे किती मोकळी जागा आहे ते आधी मोजा. आमच्याकडे ६० सेंमी मावते, म्हणून तळाची फळी ६०, मधली ४५ आणि वरची ३० अशी कापली. चढायच्या बाजूची टोकं ४५ अंशांत तासली. प्रत्येक फळीच्या टोकाला भोक पाडून दोरी ओवली आहे, चिखलात रुतलेली फळी तिने ओढून निघते.

प्रतिसाद

लाकडाच्या वजनाचाही विचार करा. ३८ मिमी जाड, साधारण २३ सेंमी रुंद, १ मीटर लांब पाइनची फळी साडेचार किलोच्या आसपास भरते. अशा आठ घेतल्या की जवळपास ३६ किलो झाले, आणि ते तुमच्या ट्रेलरच्या क्षमतेतून वजा होतात.

मी प्लॅस्टिक सोडलं नाही. ठोकळ्यांना खाली सलग आधार दिला तर ते उत्तम काम करतात. पक्क्या फरशीवर थेट ठेवते. खडी असेल तर पायाने मोठे खडे बाजूला सारते, सपाट करते, त्यावर प्लायचा तुकडा आणि मग ठोकळे. ओल्या गवतावर प्लायच्या खाली जाड रबरी मॅट, खडबडीत बाजू जमिनीकडे. तुमचा ठोकळा भाराने नाही, खालच्या पोकळीने फुटला.

गाडी सोडवल्यावर ट्रेलरचं पुढचं टोक ज्यावर टेकतं त्या पुढच्या जॅकखालीही लक्ष द्या. तुमच्या वजनाला तिथे २०० ते ३०० किलो येतात आणि जॅकचा पाय जेमतेम १५ सेंमीचा चौकोन. ३० सेंमीचा चौकोनी तुकडा खाली घातला की मातीवरचा दाब चौथ्या हिश्श्यावर येतो.

प्रतिसाद

कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर जॅक ट्रेलर हलू नये म्हणून असतात, तो उचलण्यासाठी नसतात. कमी पडलेली उंची त्यांनी भरून काढू नका, चौकट वाकते. आधी डावं-उजवं फळ्यांनी, मग पाचरी, मग ओढणारी गाडी ट्रेलरपासून सोडवायची, मग पुढचं-मागचं पुढच्या जॅकने, आणि सर्वात शेवटी हे चार जॅक नुसते टेकवायचे. एका बाजूच्या दोन्ही चाकांखाली उंची सारखीच ठेवा, नाहीतर एकाच चाकावर जादा भार येतो.

धागाकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. पोकळीचं कारण वाचल्यावर फुटलेला ठोकळा पुन्हा हातात घेऊन पाहिला आणि पटलं.

प्लायच्या जोड-फळ्या करून घेतल्या. आमच्याकडे दोन चाकांमध्ये ५८ सेंमीच मावतं, म्हणून ५६, ४२ आणि २८ असं कापलं. टायर टेकतो तेवढा भाग १८ सेंमी आहे, त्यामुळे २८ पुरेसे होतात. उरलेले धड ठोकळे फरशीच्या जागांसाठी ठेवले आहेत, ओल्या गवतावर खाली घालायला एक रबरी मॅटही घेतली.

पहिला मुक्काम पावसानंतरच्या मऊ मातीवर झाला. दोन थर लावले, बुडबुडा मधे आला. सकाळी पाहिलं तर तो थोडा डावीकडे सरकला होता. तळाची फळी एका कडेला सुमारे १ सेंमी दबली होती, म्हणजे अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. फ्रिजला ते चालण्यासारखं आहे, आणि आई रात्रभर शांत झोपली. पण आठवडाभर राहायचं असेल तर? मऊ जमिनीवर तळाला आणखी रुंद पाट घालता, की दुसऱ्या दिवशी ट्रेलर पुन्हा गाडीला जोडून नव्याने लेव्हल करता?